सामायिक सर्व्हर सांभाळताय? या चुका टाळा

एका लिनक्स सर्व्हरवर वीस-तीस जण काम करायला लागले की तक्रार ठरलेली: ‘सर्व्हर स्लो आहे, रॅम वाढवा.’ रॅम बऱ्याचदा पुरेशी असते. कोणाला किती द्यायची, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘यूलिमिट’ ही मर्यादा घालणारी कमांड लावून निर्धास्त होणं. मेमरीची ही मर्यादा एकेका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) लागते, युजरच्या एकूण वापराला नाही. एका कॉलेजात ऐन सबमिशनच्या दिवसांत याचा फटका बसलेला मी पाहिलाय. सर्व्हर ६४ जीबीचा, प्रत्येक प्रोसेसला ४ जीबीची मर्यादा. एका विद्यार्थ्याने पायथॉनची स्क्रिप्ट ३२ वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) लावून सोडली. एकेक वर्कर पावणेदोन जीबी खात होता, म्हणजे नियमात बसत होता. पण बेरीज गेली ५६ वर. शेजारी डेटाबेस १२ जीबी घेऊन बसलेला. मेमरी संपली, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने, सर्वांत मोठी प्रोसेस हेरली आणि डेटाबेस मारला. सगळ्या वर्गाचं काम अडलं, स्क्रिप्ट मात्र चालूच. डेटाबेस पुन्हा सुरू केला, पुन्हा मेला. तिथली मंडळी रात्रभर डेटाबेसची सेटिंग्ज बदलत होती. ‘डीमेसेज’ ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवून पाहायचं कोणाला सुचलं नाही. ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ तिथे प्रोसेसच्या नावानिशी पडलेली होती.

यावरचा उपाय, सीग्रुप (प्रोसेसच्या गटाला एकत्र मर्यादा लावायची सोय), २००८ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, प्रत्येक लॉगिन झालेल्या युजरला स्वतंत्र स्लाइस, म्हणजे असाच एक गट, देतं. मर्यादा तिथे लावा. मी आधी सिस्टम आणि डेटाबेसचा वाटा बाजूला काढतो, मग सगळ्या युजर स्लाइसना लागू होणारी एकच ड्रॉप-इन (मूळ सेटिंगला जोडली जाणारी) फाइल लिहितो. ‘मेमरीमॅक्स’ ही कडेलोटाची रेघ, आणि ‘मेमरीहाय’ तिच्या थोडी अलीकडे, म्हणजे प्रोसेस मरण्याआधी मंदावते. सीपीयूसाठी ‘सीपीयूकोटा’ मला पटत नाही. रात्री मशीन रिकामं असतानाही तो माणसाला अडवतो. ‘सीपीयूवेट’ गर्दी असेल तेव्हाच वाटणी करतं.

काही जण डेटाबेसचा ओओएम स्कोअर −१००० करून, म्हणजे त्याला मारूच नको असं ओओएम किलरला सांगून, मोकळे होतात. त्याने फक्त बळी बदलतो.

दुसरी चूक लोड ॲव्हरेजची, म्हणजे चालू किंवा खोळंबलेल्या प्रोसेसच्या सरासरी संख्येची. लोड ४० दिसला की ‘सीपीयू कमी पडतोय’ म्हणून नवं मशीन मागायचं. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची किंवा नेटवर्क ड्राइव्हची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. सीपीयू रिकामा आणि लोड चढलेला असेल, तर ‘पीएस’मध्ये (प्रोसेसच्या यादीत) ‘डी’ स्थितीतल्या, म्हणजे अशा अडकलेल्या, प्रोसेस शोधा आणि त्या कशावर अडकल्यात ते पाहा. अशा प्रोसेसवर लोक दहा-दहा वेळा ‘किल -९’ (सक्तीने बंद करायची कमांड) मारत बसतात. वाट संपेपर्यंत ती सहसा मरत नाही. सीपीयूचं प्राधान्य बदलणाऱ्या ‘नाइस’चाही इथे उपयोग नाही.

‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी मेमरी कमी दिसली म्हणून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’चा रकाना वाचा. दर तासाला कॅशे (डिस्कवरून वाचून रॅममध्ये ठेवलेला डेटा) रिकामा करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) कुठूनतरी कॉपी करून लावला असेल तर आजच काढा. त्याने डिस्कवरचा भार वाढतोच.

प्रोग्रॅम बांधणाऱ्या ‘मेक -जे’ला आकडा द्या, नाहीतर ते एकाच वेळी कितीही कामं सुरू करतं.

डिस्कवर जागा दिसते पण फाइल बनत नाही? ‘डीएफ -आय’ पाहा, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपले असतील. लाखो बारीक फाइली कोणाच्या, ते शोधा. कोटा लावताना जागेबरोबर फाइलींची संख्याही बांधा, हे नवखे हमखास विसरतात.

रीस्टार्ट शेवटी. घाईने रीस्टार्ट मारणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण कोणत्या प्रोसेसने काय धरून ठेवलं होतं ते सगळं पुसलं जातं. आधी ‘टॉप’ आणि ‘पीएस’चं आउटपुट फाइलमध्ये ठेवा.

आणि मर्यादा लावल्या की लॉगिनच्या संदेशात आकड्यांसकट लिहा. नाहीतर स्क्रिप्ट मधेच मेली की पोरं तीच पुन्हा दुप्पट वर्कर लावून चालवतात.