फौजीच्या घरातली सणांची वर्गणी

ऐरोली-कळव्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळी आणि 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी, सगळं चार महिन्यांत येतं. घरधनी पोस्टिंगवर असला की एकटीने हात आखडता घ्यावा लागतो, आणि त्याचं वाईट वाटतं.

1. ऑगस्टमध्ये 12 महिन्यांची छोटी आरडी (दरमहा ठरावीक हप्त्याची बँक ठेव) उघडा. हप्ता पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाऊ दे. पुढच्या गणपतीच्या तोंडावर पैसे हातात येतात.
2. खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं हवं. ही खरी किल्ली! नाहीतर तो सियाचीनला आणि पैसे बँकेत अडकलेले.
3. आधी वीरपत्नी आणि माजी सैनिकांसाठीचा वाटा काढा, मग मंडळाची वर्गणी. ध्वजदिनाची देणगी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही देता येते. ती चेकने द्या आणि पावतीवर नाव, पॅन नीट तपासा.

जपायचं एवढंच: 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली सवलत मिळत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मुळीच नाही.