माडीवर आणि खाली सोलरचं गरम पाणी सारखं कसं आणावं

खालच्या न्हाणीघरात सोलरच्या पाण्याने बादली धो धो भरते आणि माडीवरचा गरम नळ मात्र फुरफुरत करंगळीएवढी धार सोडतो. जांभ्याच्या घरांवर स्लॅब आला, स्लॅबवर सोलर आला, तेव्हापासून ही तक्रार कोकणातल्या घरोघरी ऐकू येते. मग कुणी मोठा सोलर घ्यायला सांगतं, तर कुणी गरम लाइनवर प्रेशर पंप बसवायला. यातलं काहीही आधी करू नका. टाकीत पाणी नीट तापत असेल आणि तरीही दोन मजल्यांवर वेगवेगळं पोचत असेल, तर दोष पाइपात आहे. तो पाइपातच काढावा लागतो.

पुढचं सगळं पंप नसलेल्या, गच्चीवरच्या गार पाण्याच्या टाकीच्या दाबावर चालणाऱ्या सोलरबद्दल आहे.

दाबाचा हिशेब एकदा मांडून घ्या. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. गार टाकीतली पातळी गच्चीपासून अडीच मीटर वर आणि शॉवर गच्चीच्या मीटरभर खाली असेल, तर माडीवरच्या शॉवरला साडेतीन मीटरचाच दाब मिळतो, म्हणजे ०.३५ किलो. खालच्या मजल्याला आणखी तीन मीटर मिळतात, म्हणून तिथला दाब जवळजवळ दुप्पट होतो. माडीकडे मुळातच दाब कमी, त्यामुळे पाइपातला लहानसा अडथळाही आधी तिथेच जाणवतो.

काम कधी काढावं

उन्हं चढायच्या आधी किंवा संध्याकाळी. उन्हात रिकाम्या तापलेल्या काचेच्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर त्या तडकतात. आदल्या दिवशी नळ्यांवर ताडपत्री टाकून ठेवा, म्हणजे हात भाजणार नाहीत.

अडकलेली हवा काढणं

सगळं घोडं इथे अडतं. या पायरीने मलाही बराच काळ छळलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि पाइपात जिथे उंचवटा असेल तिथे जाऊन बसते. आता आपल्या गच्चीवर बघा. सोलरच्या टाकीतून निघालेला गरम पाइप गच्चीवरून जातो, कठड्यापाशी उभा चढतो, कठडा ओलांडतो आणि बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरतो. कठड्यावरची ती कमान हेच हवेचं बसायचं ठिकाण. पाणी पुढे जायचं तर ती हवा उतरत्या पाइपात ढकलावी लागते, आणि हवेचा पट्टा जेवढा लांब तेवढा दाब त्यात खर्ची पडतो. साडेतीन मीटरमधला दीड मीटर तिथे गेला तर माडीला काय उरणार? खालचा मजला जोर लावून हवा रेटतो, म्हणून तिथे कुणाची तक्रार नसते. एप्रिल-मेत पाणी जास्त तापतं, हवा जास्त सुटते आणि धार आणखी बिघडते. उन्हाळ्यात त्रास वाढत असेल तर हवाच अडकते आहे असं समजा.

नळाला तोंडाने फुंकणं किंवा गार पाण्याचा नळ जोडून उलटं पाणी मारणं, हे उपाय चार दिवसांचे. कमान तिथेच असते, हवा परत येऊन बसते.

खरा उपाय म्हणजे कमान घालवणं. कठड्याला खालच्या बाजूला कोअर कटरने भोक पाडा आणि पाइप त्यातून बाहेर काढा. टाकीपासून खालच्या नळापर्यंत पाइप सतत उतरता हवा, मीटरला एक सेंटिमीटर उतार पुरे. उतार डोळ्यांनी ठरवू नका, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी लावून तपासा. मधे क्लॅम्प सैल पडून पाइपाला झोल आला असेल तर त्याच्या पुढच्या चढावरही हवा बसते, म्हणून क्लॅम्प जवळजवळ मारा. भोकात स्लीव्ह, म्हणजे जरा मोठ्या पाइपाचा तुकडा, घाला, तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि कडा नीट भरून घ्या. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या भिंतीत उघडं भोक ठेवणं म्हणजे ओल घरात बोलावणं.

कठडा फोडणं शक्यच नसेल, तर कमानीच्या सर्वांत उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हवेची नळी उभी करा. तिचं टोक गार टाकीच्या भरलेल्या पातळीच्या निदान फूटभर वर गेलं पाहिजे, नाहीतर गरम पाणी गच्चीवर वाहत राहील. टोक खाली वळवून जाळी बांधा. जाळी विसरू नका, कारण कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते आणि नळी बंद पडते. आपोआप हवा सोडणारे छोटे व्हॉल्व्ह मिळतात, पण खाऱ्या हवेत ते अडकून बसतात. मी ते बसवत नाही.

आणि एक ताकीद. हवेच्या नळीवर, सोलरच्या टाकीवरची असो वा ही नवी, कॉक कधीही बसवू नका. पाणी सांडतं म्हणून ती बूच मारून बंद केलेली मी पाहिली आहे. अशी टाकी तापली की फुगते आणि रिकामी होताना आत चेपते. पाणी सांडत असेल तर नळी उंच करा.

काम झालं की आधी खालचे, मग माडीवरचे गरम नळ पूर्ण उघडा आणि फुरफुर थांबेपर्यंत वाहू द्या.

खालचा जोर आवरणं

खालच्या मजल्याकडे जाणाऱ्या फाट्यावर पितळी गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून हळूहळू बंद होणारा, बसवा. बॉल व्हॉल्व्ह नको, तो अर्धवट उघडा ठेवायच्या कामाचा नाही. दोन्ही मजल्यांवर सारख्या मापाच्या बादल्या ठेवा, फक्त गरम नळ एकदम उघडा आणि मोबाइलवर वेळ लावा. मग गेट व्हॉल्व्ह पाव पाव फेरा बंद करत दोन्ही बादल्या जवळपास एका वेळी भरेपर्यंत जा. खालची माणसं सुरुवातीला कुरकुरतील, दाब कमी झाला म्हणतील. बादली दाखवा.

खाली गरम पाणी उशिरा येतं, त्याचं काय

पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइपात मीटरला पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं, एक इंचीत ४३० मिलिलिटर. १५ मीटर पाऊण इंची पाइपातलं चारेक लिटर गार पाणी आधी निघणारच. म्हणून ‘सगळीकडे एक इंची घाला’ हा सल्ला ऐकू नका. माडीच्या फाट्यापर्यंत एक इंची, तिथून खाली पाऊण इंची. उघड्या पाइपाला फोमचं वेष्टण घाला, वर ऊन लागणार नाही असं आवरण द्या. साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला वापरू नका, तो मऊ पडून झोल खातो.

मिक्सर

गार पाणी पंपाच्या दाबाने आणि गरम पाणी टाकीच्या दाबाने येत असेल, तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतं आणि दुसऱ्या मजल्यावर कोमट पाणी येतं. मिक्सरच्या गरम बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवा, पण झडपेचा. स्प्रिंगचा उघडायलाच दाब खातो, आणि माडीवर तेवढा दाब नसतो.

गणपतीआधी

पावसाळ्यात टाकीतला हीटरच पाणी तापवतो. मुंबईहून सगळे आले की दोन्ही मजल्यांवर आंघोळी एकदम सुरू होतात आणि कुणीतरी गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवतं. जुळलेल्या जागी व्हॉल्व्हच्या चाकावर आणि बॉडीवर ऑइल पेंटची एक सलग रेघ मारा, शिवाय पूर्ण बंदपासून किती फेरे उघडा आहे ते भिंतीवर लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी चाक थोडं पुढेमागे फिरवून परत रेघेवर आणा, नाहीतर ते जाम होतं.