नव्या ट्रेनरच्या चुका: पहिल्याच दिवशी मेंबरला झोपवू नका

जिमच्या फ्लोअरवर नवी मुलं ट्रेनर म्हणून येतात, तेव्हा बहुतेकांची शरीरयष्टी उत्तम असते आणि व्यायाम करून दाखवताना त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. अडतं ते दुसऱ्याकडून व्यायाम करून घेताना. त्यांना शिकवण्याचं काम माझ्याकडे असल्याने दर काही महिन्यांनी त्याच चुका नव्या चेहऱ्यांनी होताना मी पाहतो. त्यातल्या दोन चुकांनी माणूस दवाखान्यात पोहोचू शकतो, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीच्या थोडक्यात.

पहिल्या दिवशी दम काढणे

ही माझ्या मते सगळ्यात वाईट सवय आहे. नवा मेंबर आला की त्याला "रिझल्ट" दिसला पाहिजे, तो घामाघूम झाला पाहिजे, दुसऱ्या दिवशी त्याचे पाय दुखले पाहिजेत, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखं त्याला वाटेल, असा हा हिशेब असतो.

आमच्याकडे तिशी ओलांडलेला एक मुलगा आला होता. कॉलेजात कबड्डी खेळलेला, नंतर आयटीत गेला आणि कित्येक वर्षं खुर्चीतून उठला नाही. नव्या ट्रेनरने त्याला वजन न देता नुसत्या बैठका मारायला लावल्या, मग लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), मग पुन्हा बैठका. मुलाचा फॉर्म, म्हणजे व्यायाम करण्याची ढब, चांगला होता, कारण शरीराला जुनी सवय होती. जिद्दही होती. दोनशेच्या पुढे गेल्यावर दोघांनी एकमेकांना टाळी दिली. ट्रेनर मला नंतर म्हणाला, "सर, त्यांना अजून होत होतं, मीच थांबवलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचा फोन आला. मांड्या सुजून टणक झाल्या होत्या, संडासला बसता येत नव्हतं. मी पहिला प्रश्न लघवीच्या रंगाचा विचारला. तो म्हणाला, "दादा, कोऱ्या चहासारखी होतेय." त्याला तिथूनच सरळ हॉस्पिटल गाठायला सांगितलं. रक्तात सीके हा स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक एरवी दोन-तीनशेच्या आत असतो, त्याचा हजारोंत होता. चार दिवस सलाइन लागलं. वेळेत गेल्यामुळे मूत्रपिंडं वाचली.

या प्रकाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. झेपणार नाही इतका ताण आला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळताना मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यात वजन उचललेलंच असावं लागतं असं नाही. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो आणि सवय नसलेल्या स्नायूला सगळ्यात जास्त इजा याच टप्प्यात होते. त्या वेळी धाप लागत नाही, चक्कर येत नाही, मेंबर हसत असतो. म्हणून "अजून होत होतं" हा काहीच पुरावा नाही. पूर्वी खेळलेल्या माणसाचा धोका जास्त, कारण त्याची छाती आणि जिद्द त्याला जिथवर नेते, तिथवर त्याच्या मांड्या आता पोहोचलेल्या नसतात. त्यात उन्हाळा, कमी पाणी किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी असेल तर आणखी जपावं लागतं.

साधं दुखणं वेगळं. ते 24 ते 72 तासांत वाढून ओसरतं, हालचाल केली की थोडं मोकळं वाटतं. सूज, टणकपणा, हातपाय उचलता न येणं आणि गडद लघवी यांपैकी काही दिसलं तर "गरम पाण्याने शेका, उद्या या, लूज होईल" असं सांगायचं नाही. डॉक्टरकडे पाठवायचं.

माझी पद्धत अशी आहे. पहिल्या आठवड्यात पाच-सहा हालचाली, प्रत्येकीचे दोन सेट (फेऱ्या), आणि प्रत्येक सेट संपताना माणसाला अजून तीन-चार रेप्स (आवर्तनं) सहज करता आल्या पाहिजेत. दोन दिवसांनी फोन करून मी एकच विचारतो, "जिना उतरताना कसं वाटलं?" त्या उत्तरावर पुढचा चार्ट, म्हणजे व्यायामाचा तक्ता, ठरतो. तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला पहिल्या दिवशी पैलवानाइतक्या बैठका मारायला लावत नाही. आकडा महिनोन्‌महिने चढवत नेतो.

"दहाचे तीन सेट" सगळ्यांना पाठ असतात, पण त्यांचा उगम कोणी वाचलेला नसतो. 1940 च्या दशकात थॉमस डिलॉर्म हा अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे करत होता. पुढे त्याने रूढ केलेल्या पद्धतीत दहा वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन ठरवून पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने आणि फक्त तिसरा पूर्ण वजनाने होता. आपल्याकडे तिन्ही सेट पूर्ण वजनाने आणि वर चौथा "फेल्युअरला", म्हणजे एकही रेप आणखी होणार नाही तोवर. वजन वाढवायचं तर मी दोन-दोनचा नियम पाळतो: ठरलेल्या रेप्सपेक्षा दोन जास्त, त्याही लागोपाठच्या दोन सत्रांत शेवटच्या सेटमध्ये जमल्या, तरच वाढ. तीही दोन ते दहा टक्क्यांची.

फॉर्म भरून घेणे, पण न वाचणे

प्रत्येक जिममध्ये एक छापील प्रश्नावली असते. बहुतेक ठिकाणी ती पार-क्यू नावाच्या जुन्या कॅनडियन प्रश्नावलीवर बेतलेली असते: हृदयाचा त्रास आहे का, श्रम करताना छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडासांध्यांची तक्रार आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. असे सात प्रश्न. रिसेप्शनवर मेंबर सगळीकडे "नाही" लिहून सही ठोकतो आणि कागद फायलीत जातो. ट्रेनरने तो पाहिलेलाही नसतो.

साठीतले एक काका ट्रेडमिलवर होते. ट्रेनरने 220 वजा वय करून कमाल नाडी काढली होती आणि तिच्या काही टक्क्यांवर लक्ष्य धरलं होतं 115 ते 125. काकांची नाडी 98 वर अडकलेली. तो स्पीड वाढवत होता, मग चढण वाढवली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, बोलताना शब्द तुटत होते आणि ट्रेनरचं लक्ष आकड्यावर. मी ट्रेडमिल हळूहळू खाली आणून काकांना बसवलं आणि विचारलं, "काका, कुठली गोळी घेता?" ते म्हणाले, "बीपीची, मेटोप्रोलॉल. पण बीपी तर आता नॉर्मल आहे, म्हणून फॉर्मवर लिहिलं नाही."

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडीला वर चढूच देत नाहीत. माणूस पूर्ण दमलेला असतो आणि आकडा मात्र निवांत दिसतो. अशा माणसाला सूत्राच्या आकड्यापर्यंत ढकलणं धोक्याचं आहे. मुळात ते सूत्र सरासरीचं आहे. गोळी न घेणाऱ्या धडधाकट माणसातही खरा आकडा दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणं अगदी नेहमीचं. मी बोलण्याची चाचणी वापरतो: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. जोडीला गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची 6 ते 20 ची श्रमपट्टी, ज्यात किती श्रम वाटतात ते माणूस स्वतःच आकड्यात सांगतो. सुरुवातीच्या लोकांना मी 11 ते 13 च्या दरम्यान ठेवतो.

म्हणून फॉर्म मी मेंबरसमोर बसून वाचतो आणि प्रश्न फिरवून विचारतो. "काही आजार आहे का?" याला उत्तर "नाही"च येतं. "सकाळी उठल्यावर कुठल्या गोळ्या घेता? पाकीट आणाल का?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. "ऑपरेशन कधी झालंय?" विचारलं की हर्निया आठवतो, सिझेरियन आठवतं. एका जरी प्रश्नाला "हो" आलं तर डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत चार्ट लिहायचा नाही. मेंबर रागावला तरी चालेल, मॅनेजर रागावला तरी चालेल. शनिवार-रविवारच्या कोर्समधून सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मुलांना ही पायरी वेळ खाणारी वाटते. ज्याला ती गाळायची आहे, त्याने दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर व्यायामात घसरू शकते. व्यायामाआधी ग्लुकोमीटरवर 90 च्या खाली आकडा असेल तर आधी खाणं, मग व्यायाम. हात थरथरणं, थंड घाम, असंबद्ध बोलणं याला थकवा समजू नका. आमच्या टेबलाच्या खणात साखरेचा डबा कायम असतो.

एका दमात पाच सूचना

"छाती वर, पोट आत, गुडघे बाहेर, टाचा खाली, खाली बघू नका." एवढं ऐकल्यावर मेंबर यातलं काहीच करत नाही, नुसता ताठतो. एका वेळी एकच सूचना द्या आणि तीही शरीराच्या अवयवाबद्दल नको. गुडघे आत पडणाऱ्या बाईंना मी मागे बेंच ठेवून म्हणतो, "ताई, याच्यावर हळूच बसा आणि उठा." निम्मा फॉर्म तिथेच सुधारतो. उरलेल्यासाठी बेंच उंच करतो. हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारा, प्रत्येक वेळी.

बाकीच्या, थोडक्यात

स्वतःचा चार्ट मेंबरला देऊ नका. तुमच्या शरीरामागे अनेक वर्षं आहेत, त्याच्यामागे आज सकाळ आहे.

श्वास रोखून वजन ढकलू देऊ नका, रक्तदाबवाल्यांना तर मुळीच नाही. जोर लावताना श्वास सोडायचा.

एकाच स्नायूगटाचा जोरकस व्यायाम लागोपाठ दोन दिवस नको, मध्ये 48 तास जाऊ द्या.

रॉडला लॉक लावल्याशिवाय सेट सुरू करायचा नाही. वजन हलकं असलं तरी.

स्पॉट देताना, म्हणजे वजन उचलणाऱ्याला सांभाळायला उभं असताना, हातात मोबाइल असेल तर तो स्पॉट नव्हे.

शरीरातली चरबी-स्नायू मोजणाऱ्या बॉडी कम्पोझिशन मशीनच्या कागदापेक्षा मेंबर खुर्चीतून कसा उठतो, जमिनीवरची पिशवी कशी उचलतो, हात डोक्यावर कुठवर जातात, हे पाहा. माझा पहिला चार्ट याच तीन गोष्टींवरून तयार होतो.

सप्लिमेंट सुचवणं तुमचं काम नाही.

सुट्टीनंतर जुनं पान उघडणे

गणपतीत आठ-दहा दिवस जातात, मग दिवाळीचे पंधरा. मेंबर परत येतो, ट्रेनर वही उघडून शेवटचं पान पाहतो आणि तेच वजन लावतो. वर सांगितलेला मांड्यांचा प्रकार मी सुट्टीवरून आलेल्या लोकांतही पाहिला आहे. तीन आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल तर मी निम्म्या वजनाने आणि निम्म्या सेटने सुरू करतो, दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतो. ताप येऊन गेलेल्या माणसाला ताप उतरल्यावर काही दिवस नुसतं चालायला सांगतो. चालताना धडधड किंवा छातीत जडपणा जाणवला तर पुन्हा डॉक्टर.

सीपीआर फक्त सर्टिफिकेटवर असणे

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणं: मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे पाठ असतं, पण पुतळ्यावर हात ठेवायला सांगितलं की निम्मी मुलं अर्ध्या मिनिटात दमतात. दर तीन महिन्यांनी सराव करा आणि आधीच ठरवा की दाब कोण देणार, 108 ला फोन कोण लावणार, खाली गेटवर रुग्णवाहिकेसाठी कोण उभा राहणार. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या जिमचा पत्ता धड सांगता येत नाही, म्हणून जवळच्या खुणेसकट पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत फोनच्या वर भिंतीवर चिकटवून ठेवा.