ऑलिम्पियाआधी तेलाचा हिशेब

एम.ए.च्या प्रबंधासाठी प्राचीन ग्रीक क्रीडा हा विषय घेतला, तेव्हा डोक्यात होतं एवढंच: इ.स.पू. ७७६ चं पहिलं ऑलिम्पिक, ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट आणि ‘पैशासाठी नव्हे, मानासाठी खेळ’. पहिलं प्रकरण मी त्याच सुरात खरडलं. मार्गदर्शक बाईंनी ते परत केलं. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: ‘तेलाचा खर्च कोण करत होतं?’

आधी राग आला. मग शोधायला बसले आणि विषय तिथेच सापडला.

ग्रीक मल्ल अंगाला तेल चोळून वर धूळ माखत. खेळ झाला की वाकड्या पात्याने ते सगळं खरवडून काढत. तेल, घाम, मातीचा तो चिकट लगदा म्हणजे ‘ग्लोइओस’, आणि तो चक्क औषध म्हणून विकला जाई! मॅसिडोनियातल्या बेरोइया गावचा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला जिम्नॅशियमचा कायदा दगडावर कोरलेला सापडलाय. त्यात या लगद्याच्या मक्त्याचं कलम आहे. पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या एका कलमाने. आत कोणी यायचं नाही? गुलाम, मुक्त केलेले गुलाम, त्यांची मुलं, बाजारात धंदा करणारे, दारू प्यालेले, वेडे. म्हणून जिम्नॅशियमला मराठीत सरसकट ‘तालीम’ म्हणू नका. मी म्हटलं होतं. ती जागा आधी नागरिकांची होती, मग व्यायामाची.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी पौसानियस या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकाराचं पाचवं आणि सहावं पुस्तक आधी वाचावं, ऑलिम्पियाचा नकाशा शेजारी ठेवून. इंग्रजी भाषांतर पुरतं. लाच देणाऱ्या खेळाडूंच्या दंडातून उभारलेले झ्यूसचे पुतळे तिथेच भेटतील. स्पार्टाची किनिस्काही भेटेल: रथ न हाकता, केवळ घोड्यांची मालकीण म्हणून इ.स.पू. ३९६ मध्ये ती तिथली रथांची शर्यत जिंकली. दंतकथा मागाहून वाचा, त्या कुठे पळून जात नाहीत.

ग्रीक लिपी मात्र शिकाच. शिलालेखात सगळी मोठी अक्षरं, शब्दांमध्ये जागा नाही. अथेन्सच्या पॅनाथेनिया उत्सवातल्या बक्षिसांची यादी मी फोटोवरून वाचायला घेतली, तर एका ओळीत दोन संध्याकाळी गेल्या. ‘स्टाडिऑन’ सुटला, म्हणजे धावण्याची शर्यत. शेजारचा शब्द ‘मुलाला’. पुढचा आकडा काही केल्या कळेना: ‘पाय’ अक्षराच्या पोटात इवलासा ‘डेल्टा’. ‘पाय’ म्हणजे पाच, ‘डेल्टा’ म्हणजे दहा; दोहोंचा गुणाकार, ५०. मुलांच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला तेलाचे ५० रांजण, दुसऱ्याला १०. एका रांजणात जवळपास ४० लिटर. दोन हजार लिटर तेल एक पोरगा अंगाला किती चोळणार? बाईंच्या प्रश्नाशेजारी मी तो आकडा लिहिला आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.