मणक्यात ‘गॅप’ आहे असे कळल्यावर काय करावे

निफाडच्या बागेत द्राक्षांचे क्रेट उचलताना कंबर धरली, नाशिकला येऊन एमआरआय काढला आणि अहवालात ‘डिस्क डीजनरेशन’, म्हणजे मणक्यांमधील गादीसारख्या चकतीची झीज, असे शब्द दिसले, की घरात ‘मणक्यात गॅप पडला’ अशी चर्चा सुरू होते. हा शब्दच मुळात उलटा आहे, कारण चकती झिजल्यावर दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाही, कमी होते.

अहवाल वाचताना आधी रुग्णाचे वय पाहावे. चकतीच्या मऊ गाभ्यातील पाणी वयानुसार घटत जाते, आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसल्याने झीज भरून येण्यास फारसा वाव राहत नाही. कंबर मुळीच न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा जो एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत ही झीज आढळली. याचा अर्थ झीज निरुपद्रवीच असते असा नव्हे. चकतीच्या बाहेरच्या कड्याला मज्जातंतू असतात, त्यामुळे तेथे चीर पडून दाह झाला तर कंबर दुखू शकते. गाभा बाहेर सरकून मज्जातंतूचे मूळ दाबले गेले, तर कळ पायात उतरते.

म्हणून अहवालापेक्षा दुखण्याची नोंद अधिक उपयोगी पडते. कळ गुडघ्याखाली जाते का, वाकल्याने, बसल्याने की चालल्याने ती वाढते, हे आठवडाभर लिहून ठेवावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. आधी एमआरआय आणि मग डॉक्टर, ही आपल्याकडची रीत खर्चिक तर आहेच, शिवाय भीती वाढवणारीही आहे. अचानक उठलेली कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. तोवर अंथरूण धरू नये. सोसेल तेवढे चालावे, नेहमीची कामे हळूहळू सुरू करावीत, आणि क्रेट उचलावाच लागला तर तो अंगालगत धरून, कंबर न पिरगाळता उचलावा.

मात्र लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, जांघांमध्ये व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे अथवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही तपासणी लांबवू नये.