विडी वळणाऱ्या बाईंचा अनुभव कसा नोंदवावा

‘गरिबीबद्दल काय वाटतं?’ असं विचारलंत तर ठरीव उत्तर मिळेल. कामापासून सुरुवात करा. सोलापुरात पूर्वभागात किंवा कुंभारीच्या वसाहतीत जाणार असाल, तर विड्या कारखान्यात देऊन आल्यानंतरची वेळ विचारून घ्या. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे वळायला बसलेल्या बाईंना अडवणं म्हणजे त्यांचे पैसे बुडवणं. तेंदूपान भिजवणं, कातरणं, तंबाखू भरून दोरा गुंडाळणं आधी नुसतं पाहा. मग विचारा: पानं खराब निघाली तर भरपाई कोण करतं? नापास विड्यांचं काय होतं? घरात तेलुगू बोलत असतील तर दुभाषी म्हणून शेजारीण बरी. सासूबाईंपुढे खरं निघणं अवघडच. रेकॉर्डिंग परवानगीनेच. त्यांचे शब्द आणि तुमचं मत त्याच रात्री वेगवेगळ्या पानांवर उतरवा, नाहीतर तुमचंच मत त्यांच्या तोंडी जातं.