नाशकात थोड्या दिवसांचं बिऱ्हाड आणि किराणा

चांगलं किराणा दुकान कुठलं, हे घरमालकांना विचारू नका. त्यांचं दुकान वर्षानुवर्षांचं ठरलेलं असतं. महिन्याची यादी जाते, पाच-पाच किलोच्या पिशव्या घरपोच येतात. आपल्याला हवी असते पाव किलो तूरडाळ. विचारायचं ते सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना. त्या लागेल तसं, लागेल तेवढंच आणतात. शंभर ग्रॅम मोहरी मागितली तर कोण नाक मुरडतं आणि कोण मुकाट्यानं पुडी बांधतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

माझं काम बँकांच्या शाखांचं ऑडिट करण्याचं. मूळची सांगलीची, पण वर्षातला बराच काळ दुसऱ्याच कुठल्या तरी गावात भाड्याच्या खोलीत जातो. नाशकात इंदिरानगरला खोली मिळाली: ओटा, दोन फळ्या आणि गुडघ्याएवढा फ्रिज. एवढ्याशा जागेत स्वस्त मिळालं म्हणून भरून ठेवणं परवडत नाही. मॉलमध्ये किलोमागे दहा रुपये वाचतात खरे, पण निघताना उरलेल्या डाळींचं काय करायचं? म्हणून माझ्यासाठी चांगलं दुकान म्हणजे सुटं देणारं आणि ज्याचा माल पटापट हलतो असं.

माल हलतो की नाही, हे शेंगदाण्यावरून कळतं. नव्या दुकानात पहिल्यांदा पाव किलो दाणे मागायचे आणि पैसे देण्याआधी एक तोंडात टाकायचा. दाण्यात तेल असतं, त्यामुळे जुना झाला की तो खवट होतो, लपवता येत नाही. दाणा चांगला निघाला तर पुढच्या खेपेला रवा बघा. डब्यात तळाशी हात घालून वर काढला आणि बोटांना जाळी लागली तर नमस्कार करून बाहेर पडायचं. पावसाळ्यात ही तपासणी चुकवू नका. त्या हवेत तांदळात पोरकिडे आणि डाळीत टोके व्हायला वेळ लागत नाही.

पाकीटबंद मालाचं वेगळं. दुकानदार जुनी पाकिटं पुढे ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. मी पुढचं एक आणि मागचं एक काढून दोन्हींवरची तारीख बघते. दोन-तीन आठवड्यांचा फरक असला तर ठीक. चार-पाच महिन्यांचा असला तर तो माल तिथं कुणी घेत नाही असं समजायचं. वजनकाट्यावर पुडी ठेवण्याआधी शून्य दिसतंय का, हे बघायला लाजू नका. मी तर ऑडिटवाली, मला सवयच आहे.

आल्या आल्या सुट्टीच्या दिवशी एकदा रविवार कारंजा, मेन रोड, दहीपूल हा जुन्या नाशकातला पट्टा पायी फिरून या. गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि सगळा जीव पार्किंगमध्येच जाईल. नाशिक रोडकडून येत असाल तर सिटीलिंकची बस पकडा, शालिमारला उतरून चालत जा. मीठ-साखर तिथून ओढून आणण्यात अर्थ नाही. तिथून आणायचा तो मसाला, सुकं खोबरं, पोहे आणि नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड. आम्हा सांगलीकरांचा हात कांदा-लसूण चटणीकडे जातो, ती मी घरूनच डब्यात आणते. इथं आमटीला काळा मसाला. पाकिटातला घेण्यापेक्षा सुटा, वास घेऊन, पन्नास ग्रॅम घ्या. पहिल्या दिवशी तो मला कडवट वाटला, आता मटकीच्या उसळीत दुसरं काही चालत नाही.

तांदळाच्या बाबतीत नाशिककर नशीबवान. इगतपुरी-घोटीचा पट्टा भाताचा आणि घोटीत राइस मिल्स, त्यामुळे इंद्रायणी बऱ्याच दुकानांत मिळतो. तो मुळातच मऊ-चिकट. नवा असेल तर आणखी गिचका होतो, म्हणून पाणी बेतानं घाला. मोकळा भात हवा असेल तर जुना कोलम मागा.

भाकरीचं पीठ गिरणीतून. अर्धा किलो दळण टाकून घ्यायला बहुतेक गिरणीवाले तयार नसतात, आणि त्यांचंही खरं आहे. पण ताजं दळलेलं पीठ विकायला ठेवणाऱ्या गिरण्या असतात. बाजरीचं पीठ आठवड्यापुरतंच घ्या, लवकर कडू होतं.

भाजीसाठी बुधवार. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बाजार भरतो आणि आजूबाजूच्या खेड्यांतून माल येतो. ऑफिस सुटल्यावर गेलं तर दर उतरलेले असतात. मात्र बॅटरीच्या उजेडात टोमॅटो निवडायचे तर प्रत्येक हातात फिरवून घ्या. पावसाळ्यात आधी चौकशी करा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरचं सगळं उठतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, हे त्या दिवसांत रिक्षावालेसुद्धा न विचारता सांगतात. पंचवटीतल्या मार्केट यार्डात भाजी स्वस्त असते असं कुणी सांगेल. असते, पण तिथं लिलाव क्रेटवर आणि पालेभाजी शेकड्यावर. एकट्या माणसानं शंभर जुड्या मेथी घेऊन करायचं काय?

कांद्याचा मोह आवरा. जिल्हा कांद्याचा, म्हणून दहा किलोची गोणी कुणीतरी गळ्यात मारतंच. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही, त्याला कोंब फुटतात. महिने-महिने कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, राहतो तो उन्हाळ कांदा, पण त्यालाही हवा लागते, फळीखालची जागा चालत नाही. एक किलोच घ्या.

जानेवारी ते मार्च इथं असाल तर द्राक्षांचे घड सोडून मणी मागा. घडातून सुटलेले हे मणी चवीला तेच आणि दर बराच कमी. त्याच दिवशी खायचे, धुऊन ठेवले तर नासतात.

खोलीत गॅस नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. पावती जपून ठेवा, निघताना सिलिंडर परत करताना कामी येते.

शेवटच्या पंधरवड्यात नवीन काही फोडायचं नाही. न फोडलेली पाकिटं परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवा. रोजच्या गिऱ्हाइकाला सहसा नाही म्हणत नाहीत, बिल मात्र हवं. फोडलेलं तेल, तिखट, पीठ मावशींना, पण त्यांच्या घरात काय लागतं ते विचारून. माझा उरलेला साबुदाणा मावशींनी सरळ परत केला. म्हणाल्या, ‘आमच्याकडं कुणी उपास करत नाही ताई, तेल असंल तर द्या.’